महापूर ओसरल्यानंतर स्वयंसेवक आणि मदतीचे नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि करवीर, शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांतील तालीम संस्था, तरुण मंडळे, महिला बचत गट, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांच्या कार्यकर्त्यांसाठी ही माहिती एकत्र केली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत कोल्हापूरला हातांची किंवा सामानाची वाण पडली नाही. वाण पडली ती आलेला माणूस कोठे पाठवायचा आणि आलेला टेम्पो कोठे रिकामा करायचा, हे ठामपणे सांगणाऱ्याची. पुढील बहुतेक प्रश्न त्या एका उणिवेतूनच निर्माण झालेले आहेत.

१. तयारी केव्हापासून सुरू करावी?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पाणी ३९ फुटांवर आले की मंडळाने लगेच मदत गोळा करू नये, आधी आपली घडी बसवावी. सभागृहाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, कोणाचा टेम्पो कोणत्या दिवशी मोकळा आहे, गमबूट आणि खोरी किती आहेत, तसेच कार्यकर्त्यांपैकी कोणाची घरे पूररेषेत आहेत, हे त्याच संध्याकाळी लिहून काढावे. यांतील शेवटची नोंद हमखास विसरली जाते. सुतारवाडा, शुक्रवार पेठ किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीत राहणारा कार्यकर्ता पहिले दोन दिवस स्वतःचेच सामान माळ्यावर चढवत असतो, त्यामुळे त्याच्या नावापुढे लिहिलेली जबाबदारी कागदावरच राहते.

पाण्यातून माणसे बाहेर काढण्याचे काम या नियोजनात धरू नये. ते अग्निशमन दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, प्रशिक्षित आपदा मित्र आणि व्हाईट आर्मीसारखी सराव असलेली पथके यांचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटून अनेकांचे जीव गेले. पोहता येणे आणि बचावकार्य करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पंचगंगा घाटावर लहानाचे मोठे झालेल्या तरुणांना समजावणे अवघड जाते, तरीही ते समजावले पाहिजे.

२. पाणी उतरताच सर्व मनुष्यबळ एकाच वेळी कामाला लावावे का?

नाही. पंचगंगा नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते आणि कृष्णाच फुगलेली असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. त्यामुळे व्हीनस कॉर्नर आणि दसरा चौक परिसरातील दुकाने धुवून उघडली गेली, तरी नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर या बाजूला पाणी उंबऱ्याशीच रेंगाळत असते. शहरातील मंडळांचा उत्साह पहिल्या रविवारी सर्वाधिक असतो आणि शिरोळ तालुक्यातील घरे धुण्यायोग्य होईपर्यंत तो बराचसा सरलेला असतो. म्हणून नोंदणी झालेल्या स्वयंसेवकांपैकी निदान एक तृतीयांश जणांना पहिल्या आठवड्यात जाणीवपूर्वक घरीच थांबवावे आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्याची तारीख लेखी द्यावी.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १९८९ च्या पुरानंतर तेथील ग्रामस्थांना सोनतळी येथे जागा देण्यात आल्या, त्यामुळे पुराच्या काळात एकाच कुटुंबातील काही माणसे सोनतळीला आणि काही नातेवाइकांकडे अशी विभागलेली असतात. यादी केवळ मूळ गावात जाऊन केल्यास काही कुटुंबे सुटतात, तर काहींची नावे दोनदा येतात.

३. काम सुरू करण्यापूर्वी कोणाला कळवणे आवश्यक आहे?

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. ग्रामीण भागासाठी तहसीलदार कार्यालय आणि ग्रामपंचायत यांना, तर शहरासाठी महापालिकेच्या संबंधित विभागीय कार्यालयाला आपले मंडळ, मनुष्यबळ आणि कामाचा भाग कळवावा. कळवणारी व्यक्ती मंडळातर्फे एकच असावी. अध्यक्ष, सचिव आणि दोन उत्साही सदस्य यांनी चार वेगवेगळे आकडे सांगितल्यास पलीकडचा कर्मचारी यांपैकी कोणताच आकडा धरत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते.

४. आयत्या वेळी येणाऱ्या स्वयंसेवकांची नोंद कशी करावी?

दारातच एक टेबल आणि एक नोंदवही ठेवावी. नाव, गाव, वय, मोबाइल, घरातील एका व्यक्तीचा क्रमांक, येते ते काम, पायावर किंवा हातावर जखम आहे का आणि नियमित औषध चालू आहे का, एवढे विचारले तरी पुरते. येण्याची आणि जाण्याची वेळ मात्र न चुकता लिहावी. संध्याकाळी जाण्याची वेळ लिहिलेली नसलेल्या प्रत्येक माणसाला फोन करेपर्यंत वही मिटू नये. ऑनलाइन अर्ज सोयीचा असला, तरी पुरानंतरच्या पहिल्या दिवसांत वीज आणि मोबाइलचे नेटवर्क यांचा भरवसा नसतो, त्यामुळे कागदी वही हीच मूळ नोंद मानावी.

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना चिखलाच्या कामावर घेऊ नये. संच बांधणे, याद्या स्वच्छ लिहिणे, चहा-नाश्ता देणे अशी कामे त्यांना पालकांच्या संमतीने देता येतात.

५. कोणाला कोणते काम द्यावे?

येणारा प्रत्येक जण "काहीही सांगा, करतो" असे म्हणतो. त्या वाक्यावर विसंबून कामे वाटली की सगळेच वाटपाच्या गाडीवर चढतात आणि गाळ काढायला कोणी उरत नाही. प्रत्यक्षात पुरानंतर सर्वांत मोठे काम घरातील गाळ बाहेर काढण्याचेच असते. सहा ते आठ जणांचे पथक करावे, त्यात किमान दोघे सवयीचे असावेत आणि पथकप्रमुखाकडे घरांची क्रमवार यादी द्यावी. गाळ ओला असतानाच खोऱ्याने आणि घमेल्याने निघतो. तो दोन दिवस वाळला की फरशीला धरून बसतो आणि तेच काम तिप्पट वेळ घेते. म्हणून वृद्ध, एकटे राहणारे, अपंग आणि बाळंतिणीची घरे यादीत वर ठेवावीत, कारण धडधाकट माणसांच्या घरातला गाळ शेजारीपाजारी मिळून काढतात.

वायरमन, गवंडी, सुतार, प्लंबर, मोटार रिवाइंडिंग करणारे आणि गॅस शेगडी दुरुस्त करणारे यांना खोरे देऊन त्यांचे कसब वाया घालवू नये. उद्यमनगरात असे कारागीर गल्लोगल्ली आहेत. भिजलेली पाण्याची मोटार किंवा पिठाची गिरणी चालू करून देणारा एक कारागीर दिवसभरात जे उभे करतो, ते पन्नास अन्नसंचांनी होत नाही. लेखापाल, शिक्षक आणि बँकेतून निवृत्त झालेल्या व्यक्तींना नोंदवह्या, पंचनाम्याचे अर्ज आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या मदतीसाठी बसवावे.

६. गाळ काढताना कोणती खबरदारी अत्यावश्यक आहे?

पहिला धोका विजेचा असतो. मीटर आणि वायरिंग पाण्याखाली गेलेल्या घरात महावितरणकडून किंवा परवानाधारक वायरमनकडून तपासणी होईपर्यंत मेन स्विचला हात लावू नये. स्वयंसेवकांनी आत शिरण्यापूर्वी पथकप्रमुखाने मेन बंद असल्याची स्वतः खात्री करावी. दुसरा धोका भिंतींचा असतो. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती पाण्यात असेपर्यंत उभ्या राहतात आणि पाणी ओसरून ऊन पडले की बसतात. अशा घरात सामान काढण्याच्या मोहाने कोणालाही आत पाठवू नये. तिसरा धोका सापांचा. अडगळ, लाकडे आणि गोधड्यांचे ढीग हाताने न उचलता आधी काठीने हलवावेत. सर्पदंश झाल्यास जखम न कापता, न बांधता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे.

लेप्टोस्पायरोसिसकडे मात्र बहुतेक मंडळे दुर्लक्ष करतात. उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार कातडीवरील लहानशा खरचटण्यातूनही शिरतो. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, म्हणजे स्वयंसेवक आपापल्या गावी परतल्यावर. तेथील डॉक्टरला तो पुराच्या चिखलात उभा होता हे कोणी सांगितले नाही, तर निदान लांबते. म्हणून प्रत्येकाला जाताना एक चिठ्ठी द्यावी आणि तीत काम केलेल्या तारखा लिहून ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल झाल्यास डॉक्टरांना ही चिठ्ठी दाखवावी, असे नमूद करावे. प्रतिबंधासाठी प्रौढांना सर्वसाधारणपणे आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिले जाते. ते आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्यावे, गर्भवती महिलांना आणि लहान मुलांना परस्पर देऊ नये. धनुर्वाताचे इंजेक्शन, गमबूट आणि रबरी हातमोजे यांशिवाय कोणालाही कामावर पाठवू नये. चप्पल घालून आलेला स्वयंसेवक कितीही तळमळीचा असला, तरी त्याला संच बांधायला बसवावे.

७. बाहेरगावाहून येणाऱ्या गटांचे काय करावे?

त्यांनी आपली राहण्याची, जेवणाची आणि पिण्याच्या पाण्याची सोय स्वतः करून यावे, हे आधीच स्पष्ट कळवावे. पूरग्रस्त गावाने पाहुण्यांचे जेवण करणे शोभत नाही, परंतु दारी आलेल्याला उपाशी पाठवणे कोल्हापुरात कोणाला जमतही नाही, आणि त्या संकोचात गावाचा शिधा संपतो. २०१९ आणि २०२१ मध्ये पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्यामुळे बंद झाला होता, हेही त्यांना सांगावे. मार्ग खुला झाल्याची खात्री होईपर्यंत निघू नये, म्हणजे रस्त्यावर अडकलेल्या मदतकर्त्यांनाच मदत करण्याची वेळ येत नाही.

८. कोणत्या वस्तू मागवाव्यात आणि कोणत्या स्पष्टपणे नाकाराव्यात?

वापरलेले कपडे नाकारावेत. हे वाक्य लिहिताना संकोच वाटतो, कारण देणाऱ्याच्या मनात खोट नसते. परंतु २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते आणि आपल्याकडेही मोठ्या पुरानंतर शाळांच्या वर्गखोल्या अशा गाठोड्यांनी अडलेल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. त्या गाठोड्यांतून नेसण्याजोगे निवडायला जितके हात लागतात, तितक्यात एक गल्ली धुवून होते. सर्वस्व वाहून गेलेल्या बाईला दुसऱ्याची उसवलेली साडी पुढे करणे, ही मदत घेणाऱ्याला खाली पाहायला लावणारी गोष्ट आहे. नवे परकर, अंतर्वस्त्रे, टॉवेल, लुंग्या, लहान मुलांचे कपडे आणि सॅनिटरी पॅड मागवावेत आणि मागणीत मापे लिहावीत.

शिजवलेले अन्न फक्त निवारा केंद्रांसाठी, तेही जवळच्या एकाच स्वयंपाकघरातून घ्यावे. पुण्या-मुंबईहून निघालेल्या चपात्या पोहोचेपर्यंत चिकट होतात, त्यांवर कोणाचाही हक्क उरत नाही. बिस्किटांचे पुडे आणि बाटलीबंद पाणी मागितल्याशिवायच भरपूर येते. पाण्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांनुसार पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागते. चार माणसांची २०० कुटुंबे धरली, तर ते १२,००० लिटर होते, म्हणजे बारा एक-लिटर बाटल्यांचे रोज एक हजार खोके. तेच पाणी एका मोठ्या टँकरमध्ये मावते. बाटल्यांवर खर्च होणारा पैसा टँकर, साठवण टाक्या आणि निर्जंतुकीकरणाकडे वळवावा.

खरी गरज असते ती झाडणी, खराटे, वायपर, खोरी, घमेली, बादल्या, फिनेल, ब्लीचिंग पावडर, पाणी उपसण्याचे पंप, चटया, नव्या चादरी आणि स्टीलची भांडी यांची. अन्नसंचात तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, मीठ, साखर, चहा पावडर आणि कांदा-लसूण चटणी असावी. चटणीला जिन्नस मानत नाहीत असे मुंबईचे दाते विचारतात, "ती कशाला?" चटणी असेल तर निम्म्या भाज्या नसल्या तरी जेवण होते, एवढेच उत्तर त्यांना द्यावे. दप्तर, वह्या आणि पाठ्यपुस्तके शाळा सुरू होण्याच्या सुमारास मागवावीत, पहिल्या आठवड्यात नव्हे.

९. न मागितलेल्या सामानाने भरलेला टेम्पो दारात आला तर?

तो उतरवून घेऊ नये. आभार मानावेत, चालकाला चहा द्यावा आणि गरज असलेल्या दुसऱ्या केंद्राचे नाव सांगावे. तसे केंद्र नसल्यास माल परत पाठवावा. असे केल्यावर थोडी नाराजी येते, कधी समाजमाध्यमांवर टीकाही होते, तरी उतरवलेला नको असलेला माल पुढील महिनाभर जागा आणि माणसे अडवून ठेवतो. नकाराची वेळ येऊ नये यासाठी मागणीची यादी रोज सकाळी एकाच ठरलेल्या वेळी, तारीख घालून प्रसिद्ध करावी आणि पुरेशा झालेल्या वस्तू "आता नको" या शीर्षकाखाली लिहाव्यात. तारीख नसलेली यादी तीन आठवड्यांनंतरही मोबाइलवर फिरत राहते.

१०. साठ्याची नोंद किती बारकाईने ठेवावी?

आवक आणि जावक या दोन स्वतंत्र वह्या, त्यांवर दोन वेगळ्या व्यक्तींच्या सह्या आणि दर संध्याकाळी प्रत्यक्ष मोजणी, एवढी शिस्त पुरेशी आहे. गोदाम पूररेषेच्या बाहेर आणि ट्रक पोहोचेल अशा रस्त्यावर असावे. धान्य जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावे. वाहतुकीचा अंदाज आधीच काढावा. १५ किलोचा एक संच याप्रमाणे २०० कुटुंबांचे ३ टन होतात आणि सुमारे ७५० किलो वाहणाऱ्या छोटा हत्तीच्या त्यासाठी चार फेऱ्या लागतात. हा हिशेब न केल्यामुळे अर्ध्या गल्लीला वाटप होऊन उरलेल्यांना "उद्या या" सांगावे लागते आणि वाद तेथूनच सुरू होतात.

मदतीची रक्कम किंवा साहित्य यांचा अपहार हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५३ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावासाचा आणि दंडाचा गुन्हा आहे. कार्यकर्त्यांवर अविश्वास म्हणून वही ठेवायची नसते. उद्या कोणी बोट दाखवले तर त्यांच्याच बचावाला ती उभी राहते.

११. वाटपाची यादी कशी तयार करावी?

घरोघर जाऊन, गल्लीतील किमान एका महिलेला सोबत घेऊन आणि घरमालकाच्या नव्हे तर चुलीच्या हिशेबाने. एका वाड्यात तीन चुली असतील, तर ती तीन कुटुंबे आहेत. केवळ रेशनकार्डावर यादी केली की भाडेकरू, नुकतेच वेगळे झालेले संसार आणि शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा इचलकरंजीच्या बाजूला खोली करून राहणारे परप्रांतीय कामगार बाहेर राहतात. मराठी न येणारा कामगार रांगेत भांडत नाही, मुकाट्याने निघून जातो, म्हणून तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

यादी तयार झाल्यावर तिची एक प्रत चावडीत किंवा तालमीच्या भिंतीवर लावावी आणि हरकतीसाठी एक दिवस द्यावा. त्यानंतर आदल्या दिवशी कूपन देऊन, गल्लीनुसार वेळ ठरवून वाटप करावे. शक्य असेल तेथे संच घरपोच द्यावा. ट्रकवर उभे राहून सामान खाली फेकण्याचा प्रकार कोणत्याही कारणाने होऊ देऊ नये. तेथे मिळते ते दांडग्याला.

१२. मंडळाने रोख देणगी गोळा करण्यासाठी परवानगी लागते का?

नोंदणीकृत विश्वस्त संस्थेने आपल्या उद्देशांत मदतकार्य बसते का, हे प्रथम पाहावे. नोंदणी नसलेल्या मंडळांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क लागू होते. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे याच कलमाखाली अर्ज करतात, त्यामुळे ही प्रक्रिया बहुतेकांच्या परिचयाची आहे. उत्सवाची परवानगी पूरमदतीला चालेल असे मात्र गृहीत धरू नये.

देणगी संस्थेच्या नावावरील बँक खात्यातच घ्यावी आणि खाते दोन सह्यांवर चालवावे. कार्यकर्त्याचा वैयक्तिक क्यूआर कोड फलकावर छापणे ही सर्वांत सर्रास आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पुढे त्याच्या पगाराची आणि देणगीची रक्कम वेगळी करून दाखवणे कठीण होते. प्रत्येक रकमेला क्रमांकित पावती द्यावी आणि दर आठवड्याला जमाखर्च फलकावर लावावा.

१३. देणगीदारांना आयकरात सवलत मिळते का?

संस्थेला आयकर विभागाची तशी मान्यता असेल तरच. १९६१ च्या आयकर कायद्यातील ही तरतूद ८०जी या नावाने सर्वांना माहीत आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून पावतीचा मजकूर सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावा. ८०जी खाली २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला वजावट मिळत नाही, तसेच नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही. आपल्या मंडळाला मान्यता नसल्यास तसे सरळ सांगावे आणि ज्या दात्याला सवलत महत्त्वाची आहे, त्याला मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा पर्याय सुचवावा.

१४. परदेशात राहणाऱ्या कोल्हापूरकरांकडून रक्कम घेता येईल का?

भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली रक्कम विदेशी योगदान मानली जात नाही. तरीही पारपत्राची प्रत नोंदीसाठी घ्यावी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र विदेशी योगदान ठरते, तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचे) कार्ड असले तरीही. त्यासाठी विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खाते आवश्यक असते. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने रक्कम घेऊन ती आपल्याकडे वळती करणे हा मार्गही २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद झाला आहे.

१५. वस्तूंऐवजी कुटुंबांना थेट पैसे देणे योग्य आहे का?

बाजार उघडला असेल, तर बहुतेक वेळा होय. आपल्या घरात काय नाही हे त्या घरातील बाईइतके कोणत्याही मंडळाला कळत नाही. शाहूपुरी कुंभार गल्ली, गंगावेश आणि बापट कॅम्प येथील मूर्तिकारांचे उदाहरण बोलके आहे. पूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गणेशमूर्ती रंगून तयार असतात तेव्हा. मूर्ती भिजल्या की वर्षाचे भांडवल चिखलात जाते आणि २०१९ मध्ये तर पूर आणि गणेशचतुर्थी यांमध्ये महिनाही नव्हता. अशा कुटुंबाला चौथा तांदळाचा संच देण्यापेक्षा माती, रंग आणि कारागिरांची मजुरी भागेल एवढी रक्कम देणे उपयोगी पडते. रक्कम बँक खात्यावरच द्यावी आणि शक्यतो घरातील महिलेच्या.

१६. आमच्या मदतीमुळे कुटुंबाचे शासकीय अनुदान अडते का?

पंचनामा हा झालेल्या नुकसानीचा असतो, मिळालेल्या मदतीचा नव्हे. पण उत्साहाच्या भरात स्वयंसेवकच पुरावा धुवून टाकतात. गाळ काढण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याची खूण, भिजलेले सामान आणि पडझड यांची छायाचित्रे कुटुंबाच्याच मोबाइलवर काढून द्यावीत. मृत जनावराची विल्हेवाट पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पाहणीपूर्वी लावू नये. पंचनाम्यासाठी ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) येतील त्या दिवशी घरी कोणी असेल, हे पाहणे हेही स्वयंसेवकाचे काम आहे.

१७. जनावरांसाठी वेगळे नियोजन लागते का?

लागते. म्हैस पाण्यात सोडून छावणीत जायला शेतकरी तयार होत नाही, त्यामुळे जनावरांची सोय झाली नाही तर माणसांचे स्थलांतरही रखडते. पहिल्या आठवड्यात वैरण, पेंड आणि मुरघास यांची मागणी अन्नसंचांच्या बरोबरीने लिहावी. पुरात बुडालेली, गाळ चिकटलेली वैरण घालू नये. दूध संस्थांकडे जनावरांची आणि उत्पादकांची माहिती गावनिहाय असते, वैरणीच्या वाटपाला तिचा उपयोग करावा.

१८. छायाचित्रे आणि आधार कार्डाच्या प्रती घ्याव्यात का?

देणगीदाराला पुरावा हवा असतो, हे मान्य. तो साठ्याच्या वहीतून, पावत्यांतून आणि धुतलेल्या गल्लीच्या छायाचित्रातून देता येतो. संच हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा त्यासाठी लागत नाही. लहान मुलांची आणि निवारा केंद्रातील महिलांची छायाचित्रे काढू नयेत. आधारच्या प्रती गोळा करण्याऐवजी नाव आणि अंगठा किंवा सही पुरते. प्रत घ्यावीच लागली, तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार घ्यावे. पातळी वाढल्याच्या किंवा धरण फुटल्याच्या ऐकीव बातम्या मंडळाच्या गटावर पुढे पाठवू नयेत. आपत्तीबाबत खोटी धोक्याची सूचना पसरवणे हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५४ नुसार गुन्हा आहे.

१९. मदतीच्या संचावर मंडळाचे किंवा नेत्याचे नाव छापावे का?

छापू नये.

२०. स्वयंसेवक थकले किंवा आपसांत वाद झाले तर?

सलग तीन दिवसांनंतर एक दिवस सक्तीची सुट्टी द्यावी आणि ती पथकप्रमुखालाही लागू असावी. ज्याचे स्वतःचे घर बुडाले आहे, तो सहसा सर्वांत जास्त राबतो आणि घरी जाण्याचे टाळतो. त्याच्या घराचा गाळ मंडळाने आधी काढावा. तक्रारी ऐकण्याचे काम वाटपावर नसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीकडे सोपवावे, कारण वाटप करणाऱ्याकडेच वाटपाची तक्रार नेता येत नाही.

२१. काम केव्हा थांबवावे आणि उरलेल्या रकमेचे व साहित्याचे काय करावे?

अन्नसंचांचे वाटप घरातील चूल पेटली आणि दुकाने उघडली की थांबवावे. घरदुरुस्ती, कागदपत्रे आणि रोजगार यांचे काम दिवाळीपर्यंत चालेल असे धरून निधीचा मोठा हिस्सा सुरुवातीलाच त्यासाठी बाजूला ठेवावा. उरलेली रक्कम ज्या कारणासाठी गोळा केली त्याच कारणासाठी, लेखी ठराव करून वापरावी. ती उत्सवाच्या खर्चात मिसळू नये.

उरलेले धान्य खराब होण्यापूर्वी वसतिगृहांना द्यावे. गमबूट धुवून, उन्हात वाळवून, मापांप्रमाणे चिठ्ठी लावून ठेवावेत. पंपांतील इंधन काढून टाकावे आणि मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक पंप एकदा चालू करून पाहावा. खोलीची एक किल्ली तालमीत आणि दुसरी पूररेषेच्या बाहेर राहणाऱ्या सदस्याकडे असावी.